पक्ष्यांच्या नावाने भांडण

"ओ! थांबा! कोणाला विचारून तोडताय हे?"

त्याच्याशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. लोकांची प्रेमं कशी छान नजरानजर होऊन सुरू होतात, माझं बोंबलण्याने झालं. आणि खरं सांगू? आजही तो प्रसंग आठवला की आधी माझं डोकं फिरतं, बाकीचं नंतर.

ऑक्टोबर सरता सरता पहिल्यांदा दहिवर गोठलं होतं. गवत पांढरंशुभ्र, पायाखाली कुरकुरणारं. जिनमध्ये मुरवायची ती काळकाट्याची तुरट बोरं पहिला गारठा बसल्यावरच तोडायची असतात, त्याशिवाय त्यांची साल सैल पडत नाही, असं आई म्हणायची. म्हणून उजाडताच मी कोटाच्या आत टोपली दडवून घराबाहेर पडले होते. आधी चर्चच्या दिशेने, मग स्मशानाला वळसा, मग ओढ्याकाठून उलटं मागे. आईचा ठरलेला रस्ता.

एवढा आडवळणाचा रस्ता का, तर आमच्या वेनकोम गावात तुम्ही बाईला वय विचारलंत तरी चालतं, पण काळकाट्याची बोरं कुठून आणता हे विचारायचं नाही. ज्याची जागा त्यालाच ठाऊक. नवरा बायकोला सांगत नाही, बायको नवऱ्याला सांगत नाही. डोरीन टिपटन दर वर्षी सांगते, "मी बाई उत्तरेकडच्या रानात जाते," आणि दक्षिणेकडून जांभळी बोटं घेऊन परत येते. आपण मान डोलवायची. आपणही थापच मारणार असतो.

तर मी कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या चढून मॅडॉक्सच्या शेतात उतरले, आणि समोर तो. एका हातात कोयता, दुसऱ्या हातात आमच्या कुंपणाची मान.

आमचं म्हणजे मालकीचं नाही हो. शेत मॅडॉक्सचं, कुंपणही त्याचंच. पण टेकडीवर चढत जाणारी ती काटेरी झुडपांची ओळ माझ्या आईची जागा होती. आणि तिचा खालचा अर्धा भाग या माणसाने आडवा करून टाकला होता. बुंध्याला जवळजवळ आरपार घाव, सालीचा एक पट्टा तेवढा शिल्लक, आणि अख्खं झुडूप टेकडीच्या दिशेने निजवलेलं. कुंपण निजवतात ते असंच, हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्याने ते मरत नाही, दाट होतं, नव्याने फुटतं. पण पुढची तीन वर्षं त्याला बोरं धरत नाहीत. तीन वर्षं!

वर धुक्यात काटक्यांचा जाळ धुमसत होता. पायाशी तोडलेल्या फांद्यांचा ढीग, आणि त्या ढिगात काळीनिळी बोरं तशीच लगडलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याने कोयता खाली केला. उंच, थंडीने कान लालबुंद, एका हातमोज्याचा अंगठा फाटलेला. "मॅडॉक्सना विचारून," तो म्हणाला. "सुप्रभात."

"सुप्रभात गेली चुलीत! ही काय वेळ आहे तोडायची?"

"याच दिवसांत निजवतात. हिवाळ्यात. झाडं झोपलेली असताना."

"बोरं आहेत त्यावर! दिसत नाहीत का?"

"दिसतात ना. पण तुम्हाला त्यांचं काय?"

आता आली पंचाईत. काय सांगणार? ही माझी जागा आहे असं म्हणाले की संपलं. आईने आयुष्यभर लपवलेली गोष्ट मी एका परक्या माणसाला सकाळी सकाळी ओरडून सांगायची?

"पक्षी..." मी म्हणाले.

"काय?"

"पक्षी! पक्षी खातात ती! हिवाळ्यात त्या बिचाऱ्यांनी काय खायचं? कोणी विचार केलाय त्यांचा? मी... मी पक्ष्यांसाठी भांडतेय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर माझ्या कोटावर गेली. कोटाच्या पुढे टोपलीचं पोट असं आलं होतं की मी सातव्या महिन्यातली दिसत असणार.

"पक्ष्यांना टोपली लागते होय?" त्याने अगदी गंभीरपणे विचारलं.

"ही... ही अंड्यांची आहे!"

"बरं." तो हसला नाही, पण त्याचे डोळे हसत होते, आणि तेच मला जास्त झोंबलं. "असं करा, पक्षीवाल्या बाई, जरा वरच्या टोकाला जाऊन..."

"मला टोकं दाखवू नका!" मी किंचाळले. "वाट लावलीत सगळ्याची, आता टोकं दाखवताय! लाज वाटत नाही?"

"अहो, ऐका तरी..."

मी ऐकलं नाही. पायऱ्यांवरून घसरले, गुडघा फोडून घेतला, आणि वळसा न घेता सरळ रस्त्याने घरी आले. आई असती तर याचाच तिला जास्त राग आला असता.

पण आई नव्हती. मार्चमध्ये ती गेली. आणि मला कोणाचा राग येत नव्हता ते विचारा. डॉक्टरचा येत होता, पाद्र्याचा येत होता, "काळ हेच औषध" म्हणणाऱ्या प्रत्येक बाईचा येत होता. एवढंच काय, आईचाही येत होता.

आमच्याकडे नवी बरणी भरताना तळाशी आधी गेल्या वर्षीची कपभर जिन ओततात. मग टोचलेली बोरं, साखर, आणि वरून नवी जिन. म्हणजे आईच्या गेल्या वर्षीच्या बाटलीत त्याच्या आदल्या वर्षीची जिन होती, त्यात त्याच्या आदल्या वर्षीची, असं पार तिच्या लग्नाच्या वर्षापर्यंत. त्या बाटलीत आता एकच कप उरला होता. तो नव्या बरणीत गेला तर आईची चव पुढे चालली. नाही तर नाताळात बाबा आणि मी तो पिऊन टाकणार, आणि संपलं.

"मग आण की दुसरीकडची बोरं," असं कोणीही म्हणेल. चालली नसती. त्या कुंपणाच्या पार वरच्या टोकाला, टेकडीच्या वळणापलीकडे, एक झाड होतं. अर्धं काळकाटा, अर्धं रानातलं आलुबुखार, कसं झालं देव जाणे. त्याची बोरं जरा मोठी, तुरटपणामागून हळूच गोड. आईच्या जिनचं सगळं गुपित ते झाड. मला तिने ते दाखवलं तेव्हा शपथ घालून सांगितलं होतं, "बाबांना कळता कामा नये." आणि आता त्या लाल कानवाल्याने ते जाळातही घातलं असेल.

खरं म्हणजे तेव्हाच वर जाऊन बघायला हवं होतं, कळतं मला. पण त्याच्यासमोर सरळ झाडाकडे चालत जायचं म्हणजे जागा दाखवूनच देणं! वेनकोमचं कोणीही तसं करणार नाही. आणि नंतर एकटीने जाऊन काय बघायचं होतं? तोडलेलं झाड? आईच्या थडग्याकडेसुद्धा माझी पावलं वळत नव्हती.

"मिळाली?" घरात शिरताच बाबांनी विचारलं. आई गेल्यापासून ते एवढंच बोलायचे, एकेक शब्द.

"काय मिळाली? मी अंडी आणायला गेले होते!"

"हं," बाबा म्हणाले. मग जरा वेळाने, "मॅडॉक्सकडे तो नवा पोरगा आलाय म्हणे. कसा आहे?"

"आगाऊ आहे!" म्हणून मी टोपली कोपऱ्यात भिरकावली. बाबा माझ्या फुटलेल्या गुडघ्याकडे बघत राहिले, मग थर्मास भरून "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणत बाहेर पडले. हल्ली रोज दुपारी जायचे. निदान घराबाहेर तरी पडतात, म्हणून मी काही बोलत नव्हते.

तरी पुढचे काही दिवस मी नाइलाजाने बाकीची कुंपणं धुंडाळली. सप्टेंबरातच यंत्रं फिरली होती. ट्रॅक्टरच्या हाताने झोडपून झोडपून सगळी ओळ चौकोनी पावासारखी कापलेली, बोर औषधालाही शिल्लक नाही. प्रत्येक शेतात उभी राहून मी शिव्या घातल्या. गाईंनी ऐकल्या.

आणि मग एके दिवशी तो दुकानात आला.

मी डोरीनच्या दुकानात काम करते. गुरांचं खाद्य, खिळे, दोर, बूट, असलं सगळं मिळतं. डोरीन मागे पोती मोजत होती. घंटी वाजली, मी मान वर केली, आणि समोर तेच लाल कान.

"पत्र्याची बादली हवी होती," तो म्हणाला. "मोठी. आवाजाला चांगली असलेली."

"आवाजाला?"

"पहिली फुटली. बडवून बडवून." त्याने हातातला चेपलेला पत्रा वर धरला.

"बादली पाणी भरायला असते, माहीत आहे ना?"

"आमच्या खोऱ्यातही तेच करतात. पण सध्या मला ती पक्ष्यांसाठी हवी आहे."

मी ताठ झाले. टोमणा मला कळत नाही असं वाटलं की काय याला? "तुम्ही माझी चेष्टा करताय."

"छे! मी... म्हणजे थोडी करतोय." त्याचे कान आणखी लाल झाले. "नाव जॉस. जॉस ग्विलियम. पलीकडच्या खोऱ्यातला. तुम्ही हेटी ना? बेडोजांची?"

"कोणी सांगितलं?"

"कोणीतरी सांगितलं." तो घुटमळला. बादली उलटी करून टकटक वाजवून बघत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "एकदा वर येऊन जा ना. वरच्या टोकाला. मला... याच्यापुढे बोलता येत नाही. शब्द दिलाय एकाला."

"तुमच्या शब्दाचं लोणचं घाला! आणि वरचं टोक वरचं टोक काय लावलंय? मी कुठल्याही टोकाला येणार नाही."

"लवकर आलात तर बरं. माझे दंड भरून आलेत."

"मग नका बडवू!"

"नाही बडवली तर तुम्ही मला जन्मभर माफ करणार नाही," तो म्हणाला. हे मात्र त्याने थट्टेने म्हटलं नाही. बादली उचलून तो गेला, आणि घंटी बराच वेळ हलत राहिली.

"पोरगा देखणा आहे," मागून डोरीनचा आवाज आला.

"कान बघितलेस का त्याचे?"

"तू बघितलेस ना. मला कुठे दिसले एवढे!"

मी डोरीनशी दिवसभर बोलले नाही.

रविवारी दुपारी बारीक पाऊस लागला होता. कोट निथळत डोरीन स्वयंपाकघरात आली आणि खुर्चीत कोसळून हसायला लागली. "अगं, तो तुझा लाल कानवाला! मॅडॉक्सच्या टेकडीवर भर पावसात बादली बडवतोय. उत्तरेकडून ते करड्या डोक्याचे पक्षी आलेत ना थव्याने, त्यांना एका बोराला चोच लावू देत नाही. वेड लागलंय पोराला."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

म्हणजे बघा! आईची बोरं जाळली, ते जाळली. उरलीसुरली त्या बिचाऱ्या पक्ष्यांना तरी खाऊ द्यायची की नाही? मी पक्ष्यांसाठी भांडले म्हणून मुद्दाम? मला हिणवायला? मी कोटही नीट घातला नाही. चर्चचा वळसा नाही, ओढा नाही, सगळ्या गावासमोरून तरातरा टेकडीकडे निघाले. दारामागे अडकवलेली आईची टोपली मात्र हाताने आपसूक उचलली होती, का ते मला विचारू नका.

खालचं कुंपण पूर्ण निजलेलं होतं. नीट विणलेलं, वरून वेतांची वेणी घातलेली. रागातही मला दिसलं की काम देखणं आहे, आणि त्याने राग वाढलाच. वळणापलीकडून आवाज येत होता. धडाम्... धडाम्... मी चढत गेले, श्वास फुलला, पावसाने डोळ्यांसमोर केस आले. "जॉस ग्विलियम!" मी ओरडत वळण ओलांडलं. "तुला काय वाटतं, तू..."

झाड उभं होतं.

सगळं कुंपण आडवं, आणि त्याच्या टोकाला ते एकटं उभं. काळ्यानिळ्या बोरांनी वाकलेलं, प्रत्येक बोरावर पावसाचा थेंब. वर आभाळात थवा चिरचिरत घिरट्या घालत होता. आणि झाडाखाली हा, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, गळ्यात दोराने बादली अडकवून काठीने बडवत.

मला बघून त्याने काठी खाली केली. "आली बघा पक्ष्यांची वकील," तो म्हणाला. दमलेला होता. "तुझे अशील आठवडाभर मला शिव्या देतायत."

"तू..." मी झाडाकडे बोट दाखवलं. "तू हे तोडलं नाहीस?"

"कुंपण निजवतात ते खालून वर. इथपर्यंत आलो आणि थांबलो. ज्या बाईला बोरं न्यायची आहेत ती घेऊन गेली की मगच हात लावायचा, असं मला सांगितलं होतं." त्याने दंड चोळला. "ती बाई एवढी संतापी असेल, हे कोणी सांगितलं नव्हतं."

"मग बोललास का नाहीस? तोंड नव्हतं तुला? मी रोज रात्री दात-ओठ खात झोपतेय!"

"दोनदा सांगायला गेलो! तू बोलू देतेस कुठे? आणि सगळं सांगायची मुभा नव्हती. शब्द दिला होता."

"कोणाला?"

मी बादलीचा दोर धरून त्याला जवळ ओढलं. आता आमच्या नाकांमध्ये फक्त बादली होती. "कोणाला, जॉस?"

त्याच्या पापण्यांवर पाणी होतं. पावसाचं. एवढ्या जवळून त्याचे डोळे हिरवट दिसत होते... आणि मला त्या क्षणी असला विचार सुचावा याचा मला भयंकर राग आला.

"हेटी," मागून कोणीतरी म्हणालं.

पायवाटेवर बाबा उभे होते. हातात थर्मास, खिशातून दोन कपांचे कान बाहेर आलेले.

मी थर्मासकडे बघितलं, कपांकडे बघितलं, झाडाकडे बघितलं. रोज दुपारी पाय मोकळे करायला!

"तुम्हाला माहीत होतं?" मी म्हणाले. "ही जागा तुम्हाला माहीत होती? आईने मला शपथ घातली होती, बाबा! लहानपणापासून मी तुमच्याशी खोटं बोलतेय! अंडी काय, आळंबी काय!"

"आळंबी कधी आणली नाहीस मात्र," बाबा म्हणाले.

"बाबा!"

त्यांनी थर्मास गवतात ठेवला. "लग्नाआधीची गोष्ट. चर्चमधून निघाली आणि भलतीकडेच वळली. मला वाटलं कोणाला भेटायला जाते की काय. मागोमाग आलो, त्या खालच्या झुडपाआड उभा राहिलो. तर ही इथे. एकटीच, गाणं म्हणत बोरं तोडतेय." ते थांबले. इतकं सलग बोलायची त्यांची सवयच मोडली होती. "मग दर वर्षी बघायचो. म्हणायची, आर्थर, मी जरा चर्चला जाऊन येते. मी म्हणायचो, जा. माझ्यापासून लपवायला तिला एवढं आवडायचं की सांगावंसं वाटलं नाही. आणि यंदा मॅडॉक्स यंत्र लावून कुंपण मुळासकट काढणार होता, फार विरळ झालं होतं ना. त्याला गाठून निजवून घ्यायला पटवलं. याला म्हटलं, माझं नाव घेऊ नकोस. तिचं गुपित आहे, मी कसं मोडू?"

"ती नाहीये आता!" मी ओरडले. "कोणापासून लपवताय? ती गेली, बाबा, आणि तुम्ही महिनोन् महिने घरात दगडासारखे बसलात, मी एकटीने..." मी रागाने रडत होते, म्हणजे रडतच होते. मार्चपासून पहिल्यांदा.

बाबा जवळ आले. त्यांनी माझ्या हातातली टोपली घेतली आणि दोन्ही हातांनी धरली.

"सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "एवढी वर्षं कुंपणाआड उभा राहून बघितलं. एकदा पुढे होऊन टोपली धरली असती तर काय बिघडलं असतं? आता वाटतं ते. फार वाटतं."

जॉस बादली काढून लांब जाऊन उभा होता, आभाळाकडे बघत, जणू त्याला काही ऐकूच येत नव्हतं.

"तिकडे काय उभा राहिलायस?" मी नाक पुसत ओरडले. "उंचीला उपयोग आहे का काही? वरची तोड!"

आम्ही तिघांनी बोरं तोडली. बाबांनी टोपली कोणाला दिली नाही. पक्ष्यांसाठी वरच्या शेंड्याला थोडी ठेवली, कारण जॉस म्हणाला, वकीलबाई उद्या पुन्हा भांडायला येतील.

टोपली भरल्यावर त्याने कोयता हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "आता हे निजवावं लागेल. तू म्हणालीस तरच."

"जगेल?"

"माझ्या हातून आजवर एकही मेलेलं नाही. पण तू धर. मी घाव घालतो, तू हळूहळू खाली आण."

मी बुंधा दोन्ही हातांनी धरला. कोयता तिरका बसत गेला, ओल्या लाकडाचा कडवट वास आला, आणि एका क्षणी झाडाचा सगळा भार माझ्या हातात आला. मला पेलेना. मागून त्याचे हात आले, माझ्या हातांवर. "सावकाश," तो कानाशी म्हणाला. "मोडायचं नाहीये. झोपवायचंय." आम्ही ते खाली आणलं. झाड आडवं झालं तरी त्याचे हात जरा वेळ तिथेच राहिले. मी ओरडले नाही. बाबांनी चहा ओतला, तेव्हा लक्षात आलं की कप दोनच आहेत. जॉस आणि मी एकातून प्यायलो.

बोरं टोचायची तीसुद्धा त्याच झुडपाच्या काट्याने, सुई वापरायची नाही, हा आईचा हट्ट. त्या संध्याकाळी आम्ही टेबलाशी बसून बोटं जांभळी करून घेतली. बरणीत आधी आईचा तो शेवटचा कप गेला. बाबांनी खालून बरणी घट्ट धरून ठेवली.

मग रोज बरणी हलवावी लागते, साखर विरघळेपर्यंत. जॉसने ते काम स्वतःकडे घेतलं. काम संपलं की यायचा, बरणी मांडीवर घेऊन बसायचा, बाळाला झोके दिल्यासारखी हलवायचा.

"साखर कधीच विरघळली," मी म्हणायचे.

"तळाशी थोडी दिसते."

"कुठे दिसते?"

"तुला नाही दिसणार. सवय लागते नजरेला." आणि तो बरणीकडे नाही, माझ्याकडे बघत असायचा. मी त्याला झाडू मारायला लावायचे, भांडी घासायला लावायचे. सगळं करायचा, पण बोलायचा काही नाही! नाताळ उंबरठ्यावर आला तरी तो नुसती बरणी हलवत राहिला, आणि इकडे माझ्या अंगाचा तिळपापड.

नाताळच्या सकाळी आम्ही जिन गाळली. गडद, माणकासारखी लाल. आईच्या छोट्या पेल्यांत तीन घोट ओतले. जॉस आणि मी बाबांच्या तोंडाकडे बघत बसलो.

बाबांनी एक घोट घेतला. डोळे मिटले. घोट जिभेवर घोळवत राहिले.

"साखर जरा कमी घातलीस," ते शेवटी म्हणाले.

"बाबा!"

"तिनेही पहिल्या वर्षी कमीच घातली होती." त्यांनी पेला हळूच खाली ठेवला. "तिचीच आहे, हेटी. तिचीच आहे."

मी उठून त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग जॉसने घसा साफ केला.

"आता तीन वर्षं त्या कुंपणाला बोरं धरायची नाहीत," तो म्हणाला.

"माहीत आहे. तुमचीच कृपा."

"माझ्या जागेवर धरतात."

बाबा पेल्यात बघायला लागले.

"आमच्या गावातून निघालं की गिरणीचा ओढा लागतो," जॉस म्हणाला. कान पेटलेले, पण आवाज खणखणीत. "तो ओलांडायचा. डावीकडचं फाटक नाही, उजवीकडचं. तिथून पडक्या..."

मी झेप घेऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "मूर्खा! असं कोणी मोठ्याने सांगतं का? बाबा ऐकतायत!"

"मला हल्ली ऐकू येत नाही," बाबा म्हणाले.

जॉसने माझा हात तोंडावरून काढला, पण सोडला नाही. "ऐकू दे. सगळ्या खोऱ्याला ऐकू दे. मला तुझ्या मागोमाग लपत यायचं नाहीये, हेटी. झुडपाआड उभं राहून वर्षानुवर्षं बघायचं नाहीये. मला टोपली धरायचीये. तीन वर्षं माझ्या जागेवर... आणि मग, तू म्हणालीस तर, जन्मभर तुझ्या."

"आणि हे बोलायला तुला नाताळ उजाडावा लागला?" माझा आवाज छताला लागला. "पूर्ण महिना इथे येऊन बसतोस, भांडी घासतोस, एक शब्द बोलत नाहीस! मला काय ज्योतिष येतं? मी रोज वाट बघत होते, बैला! रोज!"

"म्हणजे... हो?"

"हो! हो म्हणजे हो! आणखी कसं सांगू, बादली बडवून?"

बाबा हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा, आणि चांगले खोकला येईपर्यंत हसले. मग त्यांनी दारामागची टोपली काढली आणि जॉसच्या पुढ्यात ठेवली.

"उजवीकडचं फाटक ना?" ते म्हणाले. "जा, दाखवून आण तिला. मी काही ऐकलेलं नाही."

आम्ही त्याच दुपारी गेलो. डिसेंबरात तिथे एकही बोर नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी टोपली नेली, आणि सबंध रस्ताभर ती त्याने धरली.